डाव्या पायाचं कार्ड

खैरनार विमानात बसत नसत. तिकीट असे, खुर्ची असे, उड्डाण होईपर्यंत ते पट्टाही बांधत. पण पट्ट्याचा दिवा विझला की उठत आणि अगदी मागे, हवाई सुंदऱ्या चहाच्या गाड्या लावतात त्या चिंचोळ्या जागेत जाऊन उभे राहत. हात पाठीमागे, डावा पाय जरा पुढे. खाली समुद्र असो नाहीतर वाळवंट, हा माणूस नामपूरच्या फाट्यावर एस.टी.ची वाट बघत असल्यासारखा उभा.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा परदेशी निघालो तो काळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. जर्मनीतल्या एका यंत्रप्रदर्शनाला आम्ही चाललो होतो. दोन तास झाले तरी शेजारची खुर्ची रिकामीच, म्हणून शोधत मागे गेलो. खैरनार डावा पाय सरळ लांब करून जमिनीवर बसले होते आणि खिशातल्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरने चहाच्या गाडीचं चाक खोलत होते. एक हवाई सुंदरी वरून टॉर्च धरून उभी होती.

"अहो खैरनार, हे काय चाललंय?"

"चाक वाकडं पळतंय साहेब. मघापासून ऐकतोय. कुणाच्या तरी शालीचा दोरा गुंतलाय आत." दोरा बाहेर ओढून त्यांनी तो त्या मुलीच्या हातावर ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही. बिघडलं की आवाज करतं. ऐकणाऱ्यानं ऐकावं, बस्स."

त्या दुरुस्तीबद्दल त्यांना चॉकलेटं मिळाली. ती त्यांनी परत येईपर्यंत जपून ठेवली आणि सातपूरच्या आमच्या कारखान्यात एकेक करून वाटली. मला दोन दिली. मी साहेब होतो.

आमची कंपनी मसाला, दूध पावडर असल्या गोष्टी पिशवीत भरणारी यंत्रं बनवत असे. यंत्रं आफ्रिकेत, आखातात, इंडोनेशियात जात, आणि त्यांच्यामागे खैरनार जात. यंत्र उभं करायचं, चालवून दाखवायचं, बिघडलं तर पुन्हा जायचं. वर्षाला दहा-अकरा फेऱ्या. मी परदेश विभागाचा प्रमुख. तिकिटं, व्हिसा, पत्रव्यवहार सगळं माझ्या सहीने. ते आयटीआय झालेले फिटर, बागलाणातल्या नामपूरचे. इंग्रजी मोडकं, पण कुठल्याही देशातला ऑपरेटर त्यांना समजे. काम संपलं की ते फोन करत. मी विचारायच्या आत पलीकडून अहिराणीत आवाज येई, "बठ्ठं बराबर शे, साहेब!" सगळं ठीक आहे. त्या तीन शब्दांवर आमचे शेठ निर्धास्त असत.

डाव्या पायाची गोष्ट आमच्याच कारखान्यातली. तरुणपणी यंत्राची लोखंडी चौकट क्रेनवरून घसरून त्यांच्या मांडीवर पडली होती. हाड जुळलं, पण शिरा कायमच्या बिघडल्या. फार वेळ पाय दुमडून बसलं की तो सुजे, मोज्याच्या रबराचा वळ बोटभर खोल उमटे. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तासाला एकदा उठायचं, पाय लांब ठेवायचा, नाहीतर रक्त साकळेल. विमानातलं ते उभं राहणं तेवढ्यासाठी होतं. मला मात्र कितीतरी दिवस ती त्यांची लकबच वाटत आली.

पुढे काही वर्षांनी विमान कंपन्यांनी आपापसात गट बांधले. एका गटातल्या कुठल्याही विमानाने गेलं तरी मैल एकाच खात्यावर जमत. ठरावीक मैल झाले की चंदेरी कार्ड, आणखी झाले की सोनेरी. खैरनारांना सोनेरी मिळालं तेव्हा आख्ख्या नाशकात ते फारच थोड्या लोकांकडे असेल. त्या कार्डावर त्यांना आधीच खुर्ची राखून मिळे. संकटकालीन दाराजवळची, कडेची, जिथे पाय पुढे पसरता येतो ती. दोन विमानांच्या मधल्या वेळात विश्रांतीच्या दालनात आडवं पडून पाय उशीवर ठेवता येई. मागे उभे राहिले तरी कुणी हटकत नसे.

एकदा मी थट्टेने म्हणालो, "खैरनार, कार्ड काय बायकोपेक्षा जास्त जपता!"

त्यांनी ते पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं. "हे कार्ड नाही साहेब. हा माझा डावा पाय हे." आणि हसले. मीही हसलो.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या पत्नीलाही नाही, आणि ती आता ऐकायला नाही.

त्यांना कार्ड मिळाल्यानंतरच्या वर्षी आम्ही दोघे पुन्हा एका प्रदर्शनाला निघालो. मुंबईच्या विमानतळावर ते मला म्हणाले, "चला साहेब, आज तुम्हाला आतल्या दालनात चहा पाजतो. एक पाहुणा चालतो माझ्या कार्डावर." काउंटरवरच्या बाईंनी त्यांचं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, नाव वाचून मान लववली आणि माझ्याकडे बघत इंग्रजीत विचारलं, "आणि हे आपले पाहुणे ना, सर?"

"हो, माझे पाहुणे," खैरनार म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्या दिवशी त्यांनी मला स्वतः बशी आणून दिली, सोफ्यावर चांगली जागा दिली. टाय मी लावला होता. त्यांच्या अंगावर कारखान्याचा राखी शर्ट होता. आणि रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे लिहिलं गेलं, खैरनार यांच्यासोबत.

चहा मला गोड लागला नाही. एवढ्याशा गोष्टीचा डंख माणूस किती दिवस बाळगू शकतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

वर्षा-दीड वर्षाने दुसऱ्या गटाचा एक विक्री अधिकारी आमच्याकडे आला. त्यांच्या गटाची सगळीकडची तिकिटं आम्हाला सवलतीत मिळणार होती, मात्र जुनं कार्ड त्यांच्या विमानांत चालणार नव्हतं. जुन्या गटातल्या सोनेरी कार्डाच्या बदल्यात त्यांचं सोनेरी कार्ड द्यायलाही ते तयार होते. तीन महिन्यांच्या आत अर्ज, जुन्या कार्डाची झेरॉक्स, मैलांचा उतारा आणि कंपनीचं पत्र पाठवायचं. मुदत उलटली की मग सगळी सुरुवात शून्यापासून. उठताना तो म्हणाला, "आणि साहेब, आपलं सोनेरी कार्ड आमच्याकडून भेट. आपल्याला अर्जाची गरज नाही. निर्णय तर आपणच घेणार."

मी शेठना टिपण दिलं. शेठनी ते वाचून एकच विचारलं, "खैरनारांच्या कार्डाचं काय? त्यांचा पाय आहे तो."

"ते बदलून देतात, शेठ. मी बघतो."

"बघा हं. तो माणूस तक्रार करणार नाही."

आठवड्याच्या आत खैरनार कागदांचं पाकीट घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. अर्ज ठळक, सुट्या अक्षरांत भरलेला. झेरॉक्स, उतारा, आणि कुणी मागितली नसताना स्वतःहून जोडलेली डॉक्टरांची चिठ्ठी. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आवक रजिस्टरला चढत असे, तो माझाच नियम होता. त्यांनी विचारलं, "रजिस्टरला टाकू का साहेब?"

"कशाला? माझ्याच हातात द्या."

त्यांनी दिलं. कंपनीचं पत्र टाइप होऊन आलं, त्यावर फक्त माझी सही हवी होती. मी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. 'दीर्घ प्रवासात पाय लांब ठेवण्याची व वरचेवर उठण्याची सोय असणे आवश्यक.' वाचून सगळं पुन्हा पाकिटात घातलं आणि पाकीट उजव्या हाताच्या खणात ठेवलं.

मी त्या दिवशी काही ठरवलं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. उद्या सही करू, असंच म्हणालो होतो. पण पुढचे तीन महिने रोज तो खण उघडत होतो. पेन त्याच खणात असे. पाकीट बाजूला सारून मी पेन काढायचो आणि बाकीच्या सगळ्या कागदांवर सह्या करायचो. मधेच माझं स्वतःचं सोनेरी कार्ड टपालाने आलं. मुदतीचा शेवटचा दिवस मला ठाऊक होता. त्या दिवशी संध्याकाळी मी घड्याळाकडे बघितलं, टपाल गेल्याची खात्री केली आणि खणाला कुलूप लावलं.

पुढच्या महिन्यात खैरनार इंडोनेशियाहून आले. जरा लंगडत होते.

"साहेब, नवीन कार्ड आलं नाही अजून. मधल्या खुर्चीत बसवलं यावेळी. दोन्ही बाजूंना माणसं झोपलेली, उठायची पंचाईत."

"अर्ज दिला होतात का तुम्ही?"

"दिला ना. इथंच. तुमच्या हातात."

"माझ्या हातात?" मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर कदाचित त्यांनी ओळखलं असतं. "खैरनार, माझ्याकडे आलेला कागद हरवला असं कधी झालंय? रजिस्टर बघा हवं तर."

ते बघायला गेले नाहीत. रजिस्टरला नोंद नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझा हात खणाच्या कुलपावर होता आणि पाकीट त्यांच्यापासून दीड हातावर. ते माझ्याकडे बघत राहिले. संशयाने नव्हे. एखादं यंत्र बाहेरून नीट दिसतं आणि आतून आवाज येतो, तेव्हा ते जसे कान देऊन थांबत, तसे थांबले.

"द्यायचं म्हणत होतात, राहून गेलं असेल," मी म्हणालो.

"असेल," ते म्हणाले. "माझंच राहून गेलं असेल."

आयुष्यात कधी एक नट विसरून न आलेला हा माणूस. पुढे कारखान्यात कुणी विचारलं की ते तेच सांगत, "अर्ज माझ्याकडूनच हरवला." लोक हसत, "खैरनार म्हातारे झाले." तेही हसत. मला मात्र प्रत्येक वेळी वाटे, हे आता केबिनमध्ये येतील आणि म्हणतील, साहेब, खण उघडा. ते कधी आले नाहीत. समोरून जाताना नमस्कार तेवढा करत, पूर्वीसारखाच.

फेऱ्या चालू राहिल्या. नव्या गटाची तिकिटं स्वस्त होती, पण वाटेत दोन दोन ठिकाणी विमान बदलावं लागे. त्यातच विमानात मागे उभं राहायला सगळीकडे मनाई होऊ लागली. सोनेरी कार्डवाल्याला एखादी हवाई सुंदरी सांभाळून घेई. बिनकार्डाच्या माणसाला "सर, कृपया जागेवर बसा" एवढंच. कडेची खुर्ची कधी मिळे, कधी नाही. फोन येत होते. "बठ्ठं बराबर शे." पण आता ते म्हणण्याआधी ते क्षणभर थांबत. मी तो क्षण ऐकत होतो.

शेवटची फेरी पश्चिम आफ्रिकेची. यंत्र बंद पडलं होतं, ताबडतोब माणूस हवा होता. तिकीट मीच काढलं, जाता-येता दोन दोन बदल. परत आले ते मुंबईहून टॅक्सीने थेट सातपूरला, सकाळी अकराच्या सुमाराला. डाव्या बुटाची नाडी सोडलेली होती आणि टाच दाबून त्यांनी बूट चपलेसारखा घातला होता. त्यांना कारखान्यात असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"बसा, खैरनार."

"नको साहेब. उभंच बरं."

त्यांनी अहवाल ठेवला. "मशीन चालू झालं," म्हणाले. नेहमीचे तीन शब्द आले नाहीत. मी वाट पाहिली. मग वाटलं, आता ते पाकिटाचं विचारणार, आणि मी अहवाल चाळू लागलो. तेही आलं नाही. दारापर्यंत गेल्यावर ते वळले.

"पुढच्या वेळी बाजूची खुर्ची मिळाली तर बघा साहेब."

"बघतो," मी म्हणालो.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी, सिडकोतल्या त्यांच्या घरी, जेवणाच्या पाटावरून उठताना ते कोसळले. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर शेठना म्हणाले की असा पाय असलेल्या माणसाला हे घरबसल्याही होऊ शकतं. हे वाक्य मी कित्येक वर्षं औषधासारखं घेतलं. त्याचा गुण आला नाही.

शोकसभेत मीच बोललो, कारण चांगलं बोलतो असा माझा लौकिक होता. मी म्हणालो, "सगळ्या जगाच्या यंत्रांची काळजी घेणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र निष्काळजी राहिला. एक साधा अर्ज द्यायचा राहून गेला." लोकांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत त्यांची पत्नी, सुमनवहिनी, मान खाली घालून बसल्या होत्या. ते वाक्य मी आदल्या दिवशी कागदावर लिहून पाठ केलं होतं.

माझं सोनेरी कार्ड मी पुढे चार वर्षं वापरलं. दाराजवळची, कडेची खुर्ची. माझे दोन्ही पाय धडधाकट होते.

निवृत्तीच्या दिवशी ते पाकीट घरी आणलं. फाडून टाकणं सोपं होतं. का नाही फाडलं ते मला सांगता येत नाही. गेल्या हिवाळ्यात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते घेऊन मी एस.टी.ने सटाण्याला आणि तिथून नामपूरला गेलो. सुमनवहिनी आता तिथे राहतात. बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिच्या कडेकडेने विचारत विचारत घर गाठलं.

वहिनींनी मला ओळखायला वेळ घेतला. "साहेब? इतक्या लांब? बसा, चहा टाकते."

"चहा नंतर, वहिनी. आधी हे बघा."

त्यांनी चष्मा लावला. अर्ज पाहिला. नवऱ्याच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली. सही नसलेलं पत्रही वाचलं. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी सापडलं का हो?"

किती सोपी वाट त्यांनी काढून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"सापडलं नाही, वहिनी. ते हरवलंच नव्हतं. माझ्या खणात होतं. मला माहीत होतं."

मग मी सगळं सांगितलं. विमानतळावरचा चहासुद्धा. बाहेर ट्रॅक्टर रांगेत पुढे सरकत होते, थांबत होते. माझं सांगून संपल्यावर त्या आत गेल्या आणि एक खिशात मावेल एवढी डायरी घेऊन आल्या. खैरनारांची. प्रत्येक कामाची नोंद त्यात असे हे मला ठाऊक होतं, तरी इतक्या वर्षांत त्या डायरीचा विचार मी कधी केला नव्हता. किंवा करायचा टाळला होता.

त्यांनी पान उघडून समोर धरलं. 'कार्डाचे पाकीट साहेबांना दिले. हातात.' त्याखाली दुसऱ्या शाईत, नंतर लिहिलेलं, 'साहेब विसरले. पुन्हा विचारू नये.'

"तेराव्याच्या दिवशी वाचलं हे मी," वहिनी म्हणाल्या. "त्याआधी आमचं भांडण झालेलं याच्यावरून. मी म्हटलं, तुम्हीच कुठंतरी टाकलं असेल, तुमचा जीव जाईल एक दिवस अशानं. तर हसले. म्हणे, हो गं, टाकलं असेल. तुमचं नाव नाही घेतलं." त्यांनी चष्मा सारखा केला. "आणि वाचल्यावर मी म्हटलं, असू दे. साहेबांना शंभर कामं. विसरतो माणूस. तुमचा राग नाही केला मी साहेब. इतकी वर्षं नाही केला."

त्यांनी डायरी माझ्यापुढे सरकवली.

"पेन हे का तुमच्याकडं?"

मी खिशातून काढलं.

"लिहा त्याच्याखाली. त्यांच्या डायरीत खोटं काही नाही. हे एवढं एक राहायला नको."

वाचता येईल अशा अक्षरात मी लिहिलं. 'साहेब विसरले नव्हते.' त्यांनी वाकून वाचलं.

"सही करा."

मी सही केली. त्या पत्रावर जी हवी होती, तीच.

वहिनींनी डायरी मिटली, पाकीट तिच्यात घातलं आणि दोन्ही घेऊन आत गेल्या. मी बराच वेळ थांबलो. चहा आला नाही. आतून कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मी चपला घालून निघालो.

परतीच्या एस.टी.त गर्दी नव्हती. मी दांडी धरून दाराजवळ उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, उभे काय राहता? बसा की, ती दारापाशीची जागा रिकामी हे."

मी थोडा वेळ उभा राहिलो. सटाणा यायच्या आत गुडघे दुखायला लागले, आणि मी बसलो. त्या खुर्चीसमोर पाय पसरायला भरपूर जागा होती.